‘भिशीतल्या गप्पा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

फ्रीमाँटचे ‘एक पालक’,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. इतरांना खाली जाऊन शोधावी लागू नये म्हणून आधी तिचा गोषवारा देते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की कॅलिफोर्नियातली चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतःच्या बोर्डाच्या हाती चालणारी) निवडताना नुसते परीक्षेचे गुण पाहू नका, गेल्या सात वर्षांत शाळा कोणाकोणाच्या हाती होती तेही पाहा. पाच वर्षांत तीन प्रमुख झाले असतील, तर लॉटरीचा, म्हणजे प्रवेशाच्या सोडतीचा, अर्ज भरण्याआधी बोर्डाचे कागद वाचा. त्यावर तुम्ही लिहिता: “प्रिन्सिपल किती वेळा बदलला याचा माझ्या मुलाच्या गणिताशी काय संबंध? स्कोअर सार्वजनिक आहेत, ते बघावेत. बाकी सगळ्या भिशीतल्या गप्पा.” शिवाय तुम्ही चार्टरच्या बाजूने स्टॅनफर्डचा अभ्यास पुढे केलात, मला चार्टरविषयी आकस आहे आणि प्रमुख बदललेल्या शाळा मी ‘बाद’ करायला सांगते असं म्हणालात, साध्या सरकारी शाळांतही प्रिन्सिपल बदलतात याची आठवण दिलीत, चार्टरच्या रिन्यूअलबद्दल विचारलंत आणि लेखातली एक चूक दाखवलीत.

चूक आधी. मान्य. राज्याच्या परीक्षेत सहावीच्या गणितात ‘स्टँडर्ड मेट’ची, म्हणजे इयत्तेला अपेक्षित तेवढं येतं असं मानायची, रेघ २५५२ आहे, माझ्या लेखात २५२२ पडलं होतं. तीस गुणांचा फरक किरकोळ नाही, त्याने रेघेखालचं पोर रेघेवर दिसतं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता भिशी. हा शब्द तुम्ही एखाद्या बाप्याच्या ब्लॉगवर लिहिला असता का, एवढंच विचारते. उत्तराची अपेक्षा नाही. पण भिशी तुम्हाला नीट ठाऊक नसावी असं दिसतं. भिशीत कोणत्या महिन्याला कुणी पैसे भरले, कुणी थकवले आणि पुढचा नंबर कुणाचा, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तेवढा हिशोब काही शाळांच्या बोर्डांनी ठेवला असता तर मला तो लेख लिहावाच लागला नसता. आणि एका चार्टर शाळेच्या बोर्डावर मी दोन मुदती खजिनदार होते. शाळेचं नाव सांगणार नाही, किस्सेही नाहीत. बोर्डाचे कागद मी बाहेरून वास घेऊन वाचत नाही, एवढं कळावं म्हणून लिहिलं.

तर संबंध काय? आधी तारखा पाहा.

राज्याची परीक्षा, पालकांच्या तोंडी ‘एसबॅक’, तिसरी ते आठवी आणि अकरावीला वसंतात होते. शाळावार निकाल शरद ऋतूत येतात, शाळांची कामगिरी रंगांत दाखवणारा राज्याचा डॅशबोर्ड नोव्हेंबर-डिसेंबरात. बऱ्याच शाळांच्या लॉटरीचे अर्ज जानेवारी ते मार्च. म्हणजे अर्ज भरताना तुमच्यासमोर जो ताजा आकडा असतो, तो जवळजवळ एक वर्ष जुन्या वर्गांचा असतो. मधल्या जूनमध्ये प्रिन्सिपल सोडून गेली आणि ऑगस्टात नवा आला, तर तुम्ही पाहताय ते गेलेल्या बाईंचं काम आणि पोराला घालताय ते आलेल्या बुवांच्या हाती. त्यांचा पहिला निकाल तुमचं पोर तिथे बसून काही महिने झाल्यावर लागणार. स्कोअर सार्वजनिक आहेत हे खरं, पण ते कोणाचे आहेत हे स्कोअरवर लिहिलेलं नसतं, महाशय.

तिसरीच्या निकालात तर याहून मोठा काळ मुरलेला असतो. तिसरीत बसलेलं पोर किंडरगार्टनपासून तिथेच असेल, तर त्या एका आकड्यात चार वर्षांची शिकवणी आहे. त्या चार वर्षांत तीन प्रमुख झाले, तर आकडा कोणाच्या खात्यावर मांडणार?

प्रमुख बदलल्यावर गणितात नेमकं काय बिघडतं, हेही सांगते, कारण तुम्ही ते ‘अगम्य’ म्हटलंय. नवा प्रमुख बहुधा पहिल्याच वर्षी गणिताचं पुस्तक किंवा वेळापत्रक बदलतो. जुन्या पुस्तकात अपूर्णांक एका क्रमाने येतात, नव्यात दुसऱ्या. ज्या वर्गाचं तिसरी-चौथीच्या मध्ये पुस्तक बदलतं, त्याचा एखादा घटक दोन्हीकडून निसटतो. पाचवीची परीक्षा तो सोडलाय असं मानत नाही. मागे पडलेल्या पोरांसाठी रोज अर्धा तास वेगळं बसवण्याची जी सोय असते, ती वेळापत्रकाच्या फेरफारात पहिली कापली जाते, कारण तिच्यासाठी माणूस मोकळा ठेवावा लागतो. मग जुन्या प्रमुखाने आणलेले शिक्षक त्याच्या मागोमाग जातात. ते ऑगस्टात गेले तर जागा भरता येते. नोव्हेंबरात गेले तर वर्ग बदली शिक्षकांवर चालतो, आणि बदली शिक्षक दहा आठवडे तेच वर्कशीट वाटतो. हे सगळं डॅशबोर्डवर दिसायला दीड-दोन वर्षं लागतात. बोर्डाच्या अजेंड्यावर ते त्याच महिन्यात दिसतं.

अजेंडा म्हणजे गप्पा नव्हेत. २०१९ च्या कायद्याने चार्टर शाळांच्या बोर्डांना ब्राउन अ‍ॅक्ट (सार्वजनिक संस्थांच्या सभा खुल्या ठेवण्याचा कायदा) स्पष्टपणे लागू झाला. नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, तातडीच्या खास सभेचा २४ तास आधी. बंद दाराआड काय बोलणार, त्याचं शीर्षक अजेंड्यावर द्यावं लागतं, सहसा कायद्याने सुचवलेल्या ठरावीक शब्दांत, आणि ते शब्दच सगळं सांगतात. ‘पब्लिक एम्प्लॉयी परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन: एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर’ हे वर्षातून एकदा, साधारण वसंतात दिसलं तर काही नाही, ते वार्षिक मूल्यमापन आहे, व्हायलाच हवं. तीच ओळ ऑक्टोबरात, पुन्हा नोव्हेंबरात, तीही २४ तासांच्या नोटिशीवर बोलावलेल्या खास सभेत आली, तर कान टवकारा. त्यानंतर ‘डिसिप्लिन, डिसमिसल, रिलीज’ (शिस्तभंग, बडतर्फी, मुक्तता) ही ओळ आली आणि जानेवारीत उघड सभेत ‘इंटरिम’, म्हणजे हंगामी, प्रमुखाच्या कराराला मंजुरी, तर गोष्ट पूर्ण झाली. बंद दाराआड नेमणूक केली किंवा राजीनामा स्वीकारला, तर त्याच सभेत बाहेर येऊन ते जाहीर करावं लागतं. मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, ती ओळ शोधा. प्रमुखाचा पगार खास सभेत ठरवता येत नाही, नियमित सभेतच, आणि मतदानाआधी तोंडी गोषवारा देऊन. ज्या बोर्डाने हेही पाळलेलं नाही, ते बोर्ड कायदा वाचत नाही एवढं कळतं.

याच्या उलट चांगली गच्छंतीही असते, आणि तीही याच कागदांवर दिसते. हिवाळ्यात घोषणा, शोधसमिती नेमल्याचा ठराव, वसंतात नवा माणूस निवडल्याचं जाहीर, १ जुलैपासून करार, मध्ये महिना-दोन महिने दोघे एकत्र. आतलाच उपप्रमुख वर चढला असेल तर पुस्तकं-वेळापत्रक सहसा जागच्या जागी राहतात. म्हणून मी ‘बाद करा’ असं कुठेही लिहिलेलं नाही, ‘कागद वाचा’ असं लिहिलंय. ‘बाद’ हा शब्द तुमचा. माझ्या तोंडी घालून मग त्यावर चिडणं ही युक्ती जुनी आहे.

नावांची यादी करायला फार तर तासभर लागतो. शाळेच्या संकेतस्थळावर जुने ‘सार्क’ असतात, म्हणजे दर १ फेब्रुवारीपर्यंत लावावं लागणारं शाळेचं प्रगतिपुस्तक. त्यावर प्रिन्सिपलचं नाव असतं. यात एक खोच आहे, आणि इथे भलेभले घसरतात: सार्कमधले बरेचसे आकडे मागच्या शैक्षणिक वर्षाचे असतात, पण वरच्या चौकटीतलं नाव चालू वर्षाचं. नाव आणि निकाल एकाच ओळीत मांडले तर सगळी यादी एक वर्षाने सरकते आणि नव्या माणसावर जुन्याचं खापर फुटतं, किंवा श्रेय जातं. त्यामुळे ताडून पाहायला ‘एलकॅप’ घ्या, दर १ जुलैपर्यंत मंजूर होणारा शाळेच्या उद्दिष्टांचा आणि खर्चाचा आराखडा. त्याच्या पहिल्याच पानावर संपर्क व्यक्तीचं नाव आणि हुद्दा असतो. दोन्ही शेजारी ठेवा. शाळा एखाद्या साखळीतली असेल तर शाळेचा प्रिन्सिपल आणि साखळीचा मुख्य अधिकारी यांची यादी वेगवेगळी करा, एकात कालवू नका. आणि हिशोब पाहणारा माणूस कधी बदलला तेही टिपा. प्रमुख आणि हिशोबनीस एकाच तिमाहीत गेले, तर १५ डिसेंबरपर्यंत द्यावा लागणारा लेखापरीक्षण अहवाल उघडून ‘फाइंडिंग्ज’चं, म्हणजे आक्षेपांचं, पान वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता तुमचे लाडके स्कोअर. मीही ते बघते, फक्त आडवे नाही, तिरके. ‘यंदाची तिसरी मागच्या तिसरीपेक्षा खाली’ ही तुलना दोन वेगळ्या वर्गांची झाली. तीच पोरं पुढच्या वर्षी चौथीत, त्यानंतर पाचवीत काय करतात, ते पाहायचं. समजा गणितात एक वर्ग तिसरीत रेघेच्या १८ गुण वर होता, चौथीत ९ वर, पाचवीत ४ खाली. शाळेची सरासरी हिरवी दिसत असली तरी हा वर्ग घसरतोय. प्रत्येक इयत्तेची रेघ वेगळी असते, तिसरीची २४३६, चौथीची २४८५, पाचवीची २५२८. म्हणून अंतर मोजायचं, कच्चा गुण नाही. आणि शेजारी परीक्षेला बसलेल्या पोरांची संख्या लिहायची. ५८, ५१, ४३ अशी ती उतरत असेल आणि गुण चढत असतील, तर शिकवणं सुधारलं की पोरं गळाली, हा प्रश्न उरतोच. शंभर टक्के निकालासाठी नववीतच कच्च्या पोरांना १७ नंबरचा फॉर्म भरायला सुचवणाऱ्या शाळा आपल्याकडे सगळ्यांनी पाहिल्यात. हे गणित मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

छोट्या शाळेत टक्केवारीचा तर भरवसाच नको. इयत्तेत २२ पोरं असतील तर एका पोराने साडेचार टक्के हलतात. दोघं तापाने फणफणली की ‘शाळा घसरली’. डॅशबोर्ड एखाद्या गटाला रंग देतो तोही सहसा ३० पोरं असतील तरच. २०२० ला परीक्षाच झाली नाही आणि २०२२ च्या डॅशबोर्डवर रंग नव्हते, म्हणून त्या वर्षांवरून ओढलेल्या रेषा अंदाजाच्या आहेत.

उरलेलं पटापट. स्टॅनफर्डच्या क्रेडो या संशोधन केंद्राचा २०२३ चा अहवाल देशभरच्या चार्टर मुलांना वाचनात १६ आणि गणितात ६ दिवसांच्या जादा शिक्षणाइतका फायदा दाखवतो. त्याच संस्थेच्या २००९ च्या अहवालात गणितात १७ टक्के चार्टर शाळा बऱ्या आणि ३७ टक्के वाईट निघाल्या होत्या. देशाच्या सरासरीवरून फ्रीमाँटजवळची एक शाळा निवडायची असेल तर खुशाल निवडा. आकसाबद्दल काही बोलण्यासारखं नाही.

सरकारी शाळांतही प्रिन्सिपल बदलतात, हो. पण तिथे वर डिस्ट्रिक्ट असतं, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था. पुस्तक, वेतनश्रेणी, भरती, विशेष शिक्षणाची सोय जागेवर राहते. एकट्या चार्टर शाळेत प्रमुख हाच अर्धा डिस्ट्रिक्ट असतो.

‘म्हणजे एकच प्रमुख टिकला की शाळा उत्तम का?’ हा तुमचा उपहास. नाही, आणि मी तसं म्हटलेलंही नाही. न्यूयॉर्कची सक्सेस अ‍ॅकॅडमी २००६ ला सुरू झाली, तिची संस्थापक इव्हा मॉस्कोविट्झ. नेतृत्व पक्कं, गुण राज्यात वरचे. २०१८ ला तिची पहिली बारावी बाहेर पडली त्यात १६ पोरं होती. २००६ च्या पहिलीत ७३ होती. नाव टिकलं, पोरांची संख्या टिकली नाही. म्हणूनच वर संख्या लिहून ठेवायला सांगितलं. प्रमुखांच्या नावांची आणि पोरांच्या संख्येची, अशा दोन्ही याद्या शेजारी ठेवल्याशिवाय यातलं काहीच दिसत नाही, आणि तुमच्या ‘स्कोअर बघावेत’मध्ये एकही यादी नाही.

रिन्यूअलबद्दल, म्हणजे ठरावीक मुदतीच्या चार्टर परवान्याच्या नूतनीकरणाबद्दल, विचारलंत ते मात्र कामाचं आहे, फक्त ‘रिन्यू झाली म्हणजे चांगली’ हे बरोबर नाही. २०१९ च्या एबी १५०५ या कायद्यानंतर वरच्या श्रेणीतल्या शाळेला ५ ते ७ वर्षं मिळतात, मधल्या श्रेणीला ५, आणि तळाच्या श्रेणीला नकार गृहीत धरलेला असतो. मिळालीच तर २. त्यामुळे मुदत किती मिळाली ते विचारा. पण महामारीनंतर विधिमंडळाने अनेक शाळांची मुदत आपोआप दोन वर्षं वाढवली, काहींची वर आणखी एक. तेव्हा चार्टर अजून चालू आहे याचा अर्थ हल्ली कोणी ती तपासली आहे असा होत नाही.

तुमच्या मनातली शाळा कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिचे गेल्या पाच वर्षांचे सार्क आणि एलकॅप काढून वर सांगितल्याप्रमाणे दोन याद्या करा. सार्कच्या नावाची एका वर्षाची खोच विसरू नका. मग हवं तर इथे परत येऊन भांडा. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, भिशीसकट तशीच आहे.