मामा, हा उडत काऊन नाही?

जन्माला यायला माझ्या भाच्यानं मे महिना निवडला, तोही अकोला जिल्ह्यात. पारा 45 अंशांवर, लाइन गेलेली, कूलर गप्प आणि वाढदिवसाचे फुगे फुगवायचा मान मामाचा. गालफडं ठणकतात, कानात दडे बसतात. एवढं करून फुगवलेला प्रत्येक फुगा सरळ सारवलेल्या ओसरीवर जाऊन बसतो.

"मामा, हा उडत काऊन नाही? जत्रंतला तं उडे!"

"फूक कमी पडून राह्यली," आबाजींनी खाटेवरूनच निदान केलं.

घरात बीएस्सी झालेला मी एकटाच. गप्प बसणं शक्यच नव्हतं. विहिरीतली भरलेली बादली पाण्यात असेपर्यंत हलकी लागते ना? पाणी तिला वर रेटतं. हवाही फुग्याला तशीच रेटते. फुग्यानं जेवढी हवा बाजूला सारली, तिच्या वजनाइतका तो रेटा. पण आपण आत हवाच कोंबलेली, तीही दाबून, शिवाय रबराचं वजन वेगळं. उडेल कुठून? थंड मुलखात निदान तोंडची वाफ बाहेरच्यापेक्षा गरम तरी असते. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात माणसाचा श्वासच बाहेरच्या हवेहून गार!

जत्रेतल्या फुग्यात बहुधा हायड्रोजन असतो, हवेहून सुमारे चौदापट हलका. कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे सिलिंडरमध्ये घालून फुगेवाले तो जागेवरच तयार करतात. सिलिंडर फुटूही शकतो आणि गॅस तर ठिणगीलाच टपलेला. हे मी सांगत असताना आबाजींनी निवांत बिडी शिलगावली. हिलियम बरा, पेटत नाही, पण तो महाग.

1783 साली पॅरिसहून सोडलेला हायड्रोजनचा फुगा गोनेस गावी उतरला, तेव्हा घाबरलेल्या गावकऱ्यांनी हत्यारं घेऊन त्याच्या चिंध्या केल्या होत्या. गालफडं चोळताना मला ती माणसं फार जवळची वाटली.

भाच्याचं लक्ष मात्र खुंट्याला बांधलेल्या करडाकडे. "मंग आपलं करडू उडन का?"

मी खडू घेऊन ओसरीवरच हिशेब मांडला. फूटभर व्यासाचा गॅसचा फुगा स्वतःचं वजन सोडून साधारण 10 ग्रॅम उचलतो. करडू धरू 10 किलोचं. म्हणजे फुगे लागतील 1000.

पोरगं आकड्याकडे बघत राहिलं, मग ओरडत घरात पळालं, "आई, मामा हजार फुगे फुगवून देते म्हन्ते!"