आपल्या दोन स्टारच्या अभिप्रायाबद्दल दुकानाचा खुलासा

सप्रेम नमस्कार साहेब,

आपला अभिप्राय मुलाने मोबाइलवर दाखवला. सायकल मिळायला उशीर झाला आणि मधे आपले फोन उचलले गेले नाहीत, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. गणपतीचे दिवस होते, दुकानात मी आणि एक पोरगा एवढेच होतो.

बाकीच्या मजकुराबद्दल मात्र बोलावंच लागेल. नवीन गिऱ्हाईक आधी हेच वाचतं आणि मग दुकान शोधत येतं, किंवा येत नाही.

आपलं म्हणणं असं, की आम्ही रंगाचे साडेनऊ हजार घेतले आणि काम झाल्यावर किंमत विचारली तर "पुन्हा रंगवलेली आहे, पंचवीस-तीस हजारांच्या वर जाणार नाही" म्हणालो. नेटवर तीच सायकल सव्वा लाखाला आहे. चाकांवरचे ओरखडे तसेच ठेवले. आणि जाताना "विकायची असेल तर मला सांगा" म्हणालो, म्हणजे भाव पाडून सायकल स्वतःच ढापायचा आमचा डाव होता.

हे शेवटचं फार लागलं. वडील तासाच्या भाड्याने सायकली द्यायचे तेव्हापासून हे दुकान आहे. कोणाच्या वस्तूवर डोळा ठेवला असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साहेबांची सायकल इंग्लंडच्या रॅले कंपनीची बर्नर आहे. रॅले म्हटलं की आपल्याकडे आसनसोलच्या सेन-रॅलेची उंच काळी सायकल आठवते, ही ती नव्हे. कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींची, नक्कल करत वीस इंची चाकांच्या सायकली मातीत उडवायला लागली, त्यातून बीएमएक्स निघाली. रॅलेने १९८२ साली बर्नर बाजारात आणली आणि इंग्लंडच्या पोरांनी ती डोक्यावर घेतली. साहेबांचे वडील नोकरीनिमित्त तिकडे होते, परत येताना त्यांनी ती सामानाबरोबर आणली. बॉटमखालचा, म्हणजे पायडलचा आस बसतो त्या नळीखालचा, पंच केलेला नंबर साफ करून मीच साहेबांना वाचून दाखवला होता. पहिलं अक्षर एन, म्हणजे नॉटिंगहॅम, आणि तिसऱ्या जागी ३, म्हणजे १९८३. त्या दिवशी साहेबांनी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला, हेही लिहायला हवं.

आता रंगाचं. सायकल माझ्याकडे आली तेव्हा काळी कुळकुळीत होती. भाच्याला द्यायची म्हणून काही वर्षांपूर्वी तुम्ही ती भोसरीला पावडर कोटिंग करून आणली होती. जिथे गेटं आणि ग्रिलं करतात तिथे. पावडर कोटिंग वाईट नाही, गेटाला उत्तम. पण त्याआधी जुना रंग पार खरवडून काढतात आणि मग फ्रेम भट्टीत १८०-२०० अंशांवर भाजतात. कारखान्याचा निळा रंग आणि त्यावरचे स्टिकर तिथेच गेले. माझ्याकडे येण्याच्या कितीतरी आधी. मी तो काळा थर सँड ब्लास्टिंगने, म्हणजे वाळूचा मारा करून, उडवला असता तर अर्ध्या दिवसात मोकळा झालो असतो, पण पंचाचा नंबर पुसट झाला असता. म्हणून केमिकल लावून, हाताने, थोडा थोडा काढला. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीच्या आत बोटभर निळा रंग शिल्लक सापडला, त्यावरून शेड जुळवली. साडेनऊ हजार त्याचे आहेत. नुसता डबा आणून फवारण्याचे नाहीत.

आणि "रंगवल्यावर सायकल नवी दिसेल, पण किंमत ओरिजिनलची येणार नाही" हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमच्या आई शेजारीच स्टुलावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "किमतीचं जाऊ दे, ह्याच्या बाबांनी आणली तशी दिसू दे." मी ते वाक्य धरून काम केलं. आजीची विटकी पैठणी कोणी रंगवून आणली तर ती नेसता येते, जाणकार तिला जुन्या पैठणीचा भाव देत नाही. इथे तसंच आहे. जुन्या सायकलीत कारखान्यातून आलेलं काय काय टिकलंय, त्याचे पैसे असतात. हँडलवरच्या, स्टेमवरच्या (हँडल धरून ठेवणारा तुकडा) आणि दांडीवरच्या अशा तिन्ही मऊ पॅडना पावसाळ्यात कुबट वास यायला लागला म्हणून ती टाकून दिली, हे तुम्हीच सांगितलंत. ग्रिप आणि सीटही नंतरची आहे. जुन्या बाजारात लूनाचे पार्ट मिळतील, बर्नरचे पॅड नाही मिळत. स्टिकर इंग्लंडहून मागवले, तेही नव्याने छापलेले.

सव्वा लाखाची जी जाहिरात तुम्ही रात्री साडेअकराला पाठवलीत, ती मी नीट बघितली. ती सायकल १९८३ची नाहीच. रॅलेने अलीकडे जुन्या रूपात मर्यादित संख्येत पुन्हा काढली, त्यातली आहे. आणि मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. मीही दुकानातल्या कॅरमला दहा हजारांची पाटी लावू शकतो.

चाकांबद्दल. ती पिवळी चाकं तारांची नाहीत, नायलॉनसारख्या प्लॅस्टिकची सबंध ओतलेली आहेत. त्यांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढता येत नाही आणि त्यांवर स्प्रे मारला तर थोड्याच दिवसांत पापुद्रे निघतात. त्या सायकलीवर खरंखुरं १९८३चं जे थोडं उरलंय त्यात ही चाकं येतात. ओरखडे मुद्दाम ठेवले, आणि धुण्याखेरीज चाकांचा एक पैसा बिलात लावलेला नाही. बिल परत बघावं.

"मला सांगा" हे मी म्हणालो, खरं आहे. पण त्याआधी तुम्ही काय विचारलंत? "एवढीच किंमत असेल तर मग घेणार तरी कोण?" त्यावर मी म्हटलं, विकायची असेल तर मला सांगा, मुंबईत जुन्या सायकली जमवणारे दोघं-तिघं ओळखीचे आहेत, गाठ घालून देतो. अर्धं वाक्य लिहायचं आणि अर्धं गिळायचं, हे बरं नाही साहेब. मला बर्नर ठेवायला जागा नाही, दुकानात स्वतःची सायकल बाहेर लावतो.

उशिराबद्दल माफी मागितलीच आहे. पण टायर काळे की पिवळ्या कडेचे, हे तुम्ही घरी विचारून सांगणार होतात, ते उत्तर यायला दोन आठवडे गेले. त्यात स्टिकरचं पाकीट कस्टमला अडकलं.

यापुढे मोठ्या कामाचा अंदाज लेखी द्यायचं ठरवतो आहोत, फोनचंही मुलाला सांगितलंय, बघू. दोन स्टारचे किती करायचे ते तुमच्यावर सोपवतो, पण "डाव" हा शब्द तेवढा काढावा ही विनंती.

भाच्यासाठी लावलेली घंटी, स्टँड आणि जुन्या ग्रिप पिशवीत बांधून ठेवल्या आहेत, त्या दिवशी न्यायच्या राहिल्या. पुढच्या ब्रेकची वायर नवी आहे, महिन्याभरात थोडी ताणेल. सायकल घेऊन या, आवळून देतो, त्याचे पैसे नाहीत. सोमवारी दुकान बंद असतं.