मांडवीकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: गोपाळरावांचे सयाजीराव का झाले

मांडवीकर,

आपली प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर द्यायला बसले असते तर भलतंच काहीतरी लिहून गेले असते, म्हणून जरा थांबले.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की मराठी राजघराण्यांत नाव त्या मुलाचं नसतंच, गादीचं असतं. त्यावर मांडवीकर (हे टोपणनाव, खरं नाव त्यांनी दिलेलं नाही) लिहितात: "दत्तकविधीत मुलाचं नाव बदलतात ही साधी घरगुती प्रथा आहे. त्यात राजकारण कसलं शोधता? पुण्यात बसून गूगलवर दोन पानं वाचायची आणि बडोद्यावर लिहायचं, हा हल्ली धंदाच झालाय." शिवाय कोल्हापूरच्या शिवाजी महाराजांचा क्रमांक चुकला, दोन्ही चिमणाबाईंचा उल्लेख अनावश्यक होता आणि बडोद्याच्या फत्तेसिंहराव गायकवाडांना 'जॅकी' म्हणणं हा घराण्याचा अपमान, असे आणखी आक्षेप आहेत.

आधी गूगलचं बघू. मी पुण्यात राहते ती लग्नानंतर. वाढले बडोद्याच्या रावपुऱ्यात. शाळेत जाता-येता चिमणाबाई टॉवरच्या घड्याळात वेळ बघायची आणि उशीर झाला असेल तर पळत सुटायचं, हे माझं बालपण. आमच्या घरात मराठी बोलायचे, भाजीवाल्याशी गुजराती, आणि भांडण निघालं की दोन्ही. तेव्हा आपण मला बडोदं शिकवू नका. मतभेद असावेत, जरूर असावेत, पण समोरचा माणूस कोण आहे याची चौकशीही न करता त्याला धंदेवाईक ठरवायचं, ही कुठली पद्धत? आपल्या प्रतिक्रियेत मुद्दा एका वाक्याचा आणि बाकी सगळी हेटाळणी. मुद्द्याचं उत्तर मी देणारच आहे. हेटाळणीचं काय करायचं ते आपणच ठरवा.

आता ते एक वाक्य. "साधी घरगुती प्रथा." माझे आजोबा दत्तक गेलेले होते. त्यांच्या वडिलांचं नाव बदललं, आडनाव बदललं, गोत्र बदललं. स्वतःचं नाव मात्र बारशाला ठेवलेलं तेच राहिलं. म्हातारपणी जमिनीच्या कागदावर सही करताना मधल्या नावाशी त्यांचा हात क्षणभर अडायचा, हे मी शेजारी बसून पाहिलेलं आहे. दत्तक म्हणजे काय हे मला पोथीतून कळलेलं नाही. काही घरांत मुलाचंही नाव बदलत असतील, नाही म्हणत नाही. पण बदलून कोणतं ठेवतात? तिथेच तर सगळी मेख आहे, आणि नेमकं तिथेच आपण लेख वाचायचा सोडलात असं दिसतं.

1875 सालचं बडोदं घ्या. रेसिडेंट (दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी) कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करवल्याचा आरोप महाराज मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशी आयोगात तिघे इंग्रज एका बाजूला, तिघे हिंदी सदस्य दुसऱ्या बाजूला. एकमत झालं नाही, तरी इंग्रजांनी त्यांना गैरकारभाराच्या नावाखाली गादीवरून उतरवून मद्रासला धाडलं. मग त्यांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. मुलगा आला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून. काशीरावांचा गोपाळ, वय वर्षं बारा, शेतीवाडीवर वाढलेला. राजघराण्याशी त्याचं नातं पार जुन्या दमाजी गायकवाडांच्या भावापर्यंत मागे जाऊन जोडायचं. अशा मुलाला त्या वर्षी 27 मे रोजी दत्तक घेतलं आणि नाव ठेवलं सयाजीराव.

हेच नाव का? गणपतराव, खंडेराव, मल्हारराव हे तिघे सख्खे भाऊ एकामागून एक गादीवर बसले. तिघांचे वडील दुसरे सयाजीराव. खंडेरावांचा दत्तक मुलगा म्हणजे सयाजीरावांचा नातू, आणि नातवाला आजोबांचं नाव ही आपल्याकडची जुनी रीत. एका नावासरशी कवळाण्याचा पोर थेट त्या ओळीत जाऊन बसला. मल्हाररावांची पाच वर्षं जणू आलीच नव्हती. त्यांचं नाव तर बडोद्याच्या गादीवर पुन्हा कुणाला मिळालंच नाही. हा योगायोग आहे असं म्हणायचं असेल तर म्हणा.

झाशीचं उदाहरण तर आपण बघितलंच नाही. गंगाधरराव आणि लक्ष्मीबाईंचा मुलगा दामोदर तान्हेपणीच गेला. 1853 मध्ये गंगाधरराव मरणाच्या दारात असताना आनंदराव नावाच्या मुलाला दत्तक घेतलं, इंग्रज अधिकाऱ्याच्या समक्ष. आणि त्याला नाव दिलं दामोदरराव, गेलेल्या मुलाचंच. औरस वारस गेलाच नाही, हा घ्या तुमच्यासमोर उभा आहे, असंच ते सांगणं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीनं ऐकलं नाही तो भाग वेगळा. कोल्हापुरात नागोजीरावांचे राजाराम झाले, कागलच्या यशवंतराव घाटग्यांचे 1884 मध्ये शाहू झाले. साताऱ्यात विठोजींचे दुसरे शाहू. एखाद्याचे तरी कधी नवेकोरे, आधी कुणाचं नसलेलं नाव ठेवून महाराज झाले का? घरगुती प्रथा म्हणे.

आणि चिमणाबाई "अनावश्यक" कशा? मला तर तो सगळ्यात बोलका दाखला वाटतो, कारण तिथे दत्तकाचा संबंधच नाही. सयाजीरावांची पहिली पत्नी तंजावरची लक्ष्मीबाई, सासरचं नाव चिमणाबाई. 1885 मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी दुसरं लग्न झालं, आणि देवासच्या घाटग्यांची गजराबाई सासरी आली तीसुद्धा चिमणाबाई होऊन. टॉवर पहिलीच्या स्मरणार्थ, 1896 चा. 1927 मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या त्या दुसऱ्या. आमची आजी "टॉवरच्या चिमणाबाई" आणि "पडदा सोडलेल्या चिमणाबाई" असं म्हणून हा घोळ निस्तरायची. बायको बदलली, नाव हललं नाही. यात दत्तकविधी कुठे बसवता ते सांगा.

क्रमांकाचं म्हणाल तर मान्य. 1883 मध्ये नगरला वारलेल्या शिवाजी महाराजांना मी 'चौथे' म्हटलं, वेगळा आकडा देणारी पुस्तकंही आहेत. तिथे 'शाहू महाराजांच्या आधीचे' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. लेखात तशी दुरुस्ती केली आहे, त्याबद्दल आभार.

जॅकीबद्दल फार लिहीत नाही. क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष असताना, 1963 ते 66, त्यांना सगळं क्रिकेटजगत त्याच नावानं ओळखायचं. त्यांना स्वतःला नाही लागलं ते तुम्हाला लागतंय. पाळण्यातलं नाव बघा की: 1908 मध्ये गादीवर न बसताच गेलेल्या युवराज आजोबांचं. ते नाव चालवायला, हाक मारायला दुसरं. ग्वाल्हेरच्या जिवाजीरावांच्या नावामागे पंचम जॉर्जचा 'जॉर्ज' लागला आणि बहिणीला राणीची 'मेरी', तो अपमान होता की मान, हे तुम्हीच ठरवा. मी तरी ते रचलेलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, धंद्याचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं ठेवलं आहे. गोपाळरावांचं नाव निव्वळ विधी म्हणून बदललं असं सांगणारा एखादा कागद तुमच्याकडे असेल तर इथे टाका, मी वाचीन. नसेल तर या विषयावर माझ्याकडून एवढंच.