पंख असलेल्यांची हमाली

घरी परतणाऱ्या कबुतरांचे लोक फार कौतुक करतात, पण त्या कौतुकात एक गोष्ट नेहमी राहून जाते. हा पक्षी शेकडो किलोमीटरवरून आपल्या ढाबळीकडे अचूक येतो हे खरे. मात्र तेवढे अंतर जायची वेळ आली की त्याला कुणीतरी उचलून न्यावे लागते. आमच्याकडे हा मान माझा आहे, कारण कबुतरे पुतण्याची असली तरी स्कूटर माझी आहे.

१८७० साली प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तेव्हा तिथल्या लोकांनी कबुतरे फुग्यांतून बाहेर धाडली आणि निरोप बांधून परत उडवली. फुग्यातून जायचे म्हटल्यावर सामानाच्या वजनाची काळजी सगळ्यांनाच असणार. पुण्यातल्या सुतारकामात ती कुणालाच नसते. कबुतरे न्यायला मिस्त्रींकडून पेटी करून घ्यायचे ठरले. त्याआधी बुरुड आळीतून टोपली आणा, असा घरातून सल्ला मिळाला होता, पण विणीत अडकलेली घाण धुऊन निघत नाही म्हणून पुतण्याने तो फेटाळला.

त्याचे माप ठरलेले होते. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि २५ उंच हवी, कारण उंची वाढली की कबुतरे एकमेकांच्या पाठीवर चढतात. तळ गुळगुळीत नको, कारण पाय घसरतात. आणि आत एकाही खिळ्याचे टोक नको, कारण त्यात पिसे तुटतात. हे सर्व मिस्त्रींनी मान डोलावत ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी १९ मिलिमीटरचा प्लायवूड घेऊन आले.

मी कागदावर हिशेब मांडला. या प्लायची पेटी अकरा किलोंची होणार होती आणि तीत बसणारी आठ कबुतरे, प्रत्येकी साडेचारशे ग्रॅम धरली तरी, चार किलोंचीसुद्धा भरत नव्हती. मी चार मिलिमीटरचा प्लाय सुचवला, तेव्हा मिस्त्रींचा चेहरा उतरला. "साहेब, तो कपाटाच्या पाठीला मारतात," ते म्हणाले, "उद्या कुणी बघितलं तर नाव माझं जाईल." पेटीवर माणूस उभा राहिला तरी ती मोडता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता, कबुतरांच्या पेटीवर माणूस कशासाठी उभा राहील, याचे उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हते.

अखेर पाइनच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा, तळाला आणि वर तोच बदनाम प्लाय, आणि बाजूंना तासून गुळगुळीत केलेल्या बांबूच्या कामट्या, अशी जेमतेम अडीच किलोंची पेटी तयार झाली. माझी पाठ फिरताच मिस्त्रींनी तिच्या चारही कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या, त्या पुतण्याने रात्री पक्कड घेऊन काढल्या. त्यानंतर त्यांनी वॉर्निशचा डबा उघडला. बंद जागेत तो वास पक्ष्यांच्या छातीत बसतो, हे पटवताना माझ्याच छातीत धडधडू लागले.

सासवडच्या पुढे एका चहाच्या टपरीजवळ आम्ही पेटीचे पुढचे दार खाली पाडले आणि आठही कबुतरे एका फडफडाटात बाहेर पडून, वर एक गिरकी घेऊन, पुण्याच्या दिशेने निघून गेली. टपरीवाले काका हे सगळे टक लावून पाहत होते.

"एवढी पेटीत भरून आणली, आणि सोडून दिली?"

"घरी जातील ती," पुतण्या म्हणाला.

"मग आणली कशाला?"

यावर आम्ही दोघांनीही चहा मागितला. चहा देता देता त्यांनी रिकामी पेटी उचलून पाहिली, कोंबड्यांसाठी विकणार का म्हणून विचारले, आणि मी किंमत सांगण्याआधीच वरच्या प्लायवर अंगठा दाबून ती खाली ठेवली.

"नको," ते म्हणाले, "लाकूड फार पातळ वापरलंय. मिस्त्रीनं फसवलं तुम्हाला."