अर्मिनियस म्हणजे हर्मन नव्हे

'हर्मन' या जुन्या जर्मन पुरुषनामाविषयी लिहिताना एक विधान हमखास केले जाते: इ.स. 9 मध्ये टॉयटोबुर्गच्या जंगलात रोमन सेनापती वारुसच्या तीन लीजनांचा (रोमन सैन्यदलांचा) धुव्वा उडवणाऱ्या अर्मिनियस या जर्मन सरदाराचे खरे नाव हर्मन होते, रोमनांनी ते लॅटिन वळणावर नेले आणि जर्मनांनी मूळ नाव दोन हजार वर्षे जपले. यातली लढाई खरी आहे. नावाची हकीकत मात्र टिकत नाही.

नाव लॅटिन वळणावर गेले, हा पहिला मुद्दा. हर्मनचे जुने रूप हारिमान किंवा हेरिमान. त्यात 'हारी' म्हणजे सैन्य आणि 'मान' म्हणजे पुरुष. पहिल्या शतकातले लॅटिन लेखक जर्मन भाषांतला हा घशातला 'ह' बहुधा 'ख'सारखा लिहीत. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या 'ॲनल्स' या इतिहासग्रंथातील ज्या दुसऱ्या खंडात अर्मिनियस लढतो, त्याच खंडात बाताव्ही या जर्मन टोळीचा सरदार खारिओवाल्डा नदी ओलांडून लढताना मारला जातो, आणि त्याच्या नावातला 'खारिओ' म्हणजेच हा सैन्यवाचक शब्द. अर्मिनियसच्याच खेरुस्की टोळीच्या पुढच्या एका राजाचे नाव इतिहासकार कॅसियस डिओ खारिओमेरुस असे देतो. एकच लेखक एकाच खंडात तोच शब्द एकदा 'खारिओ' आणि एकदा 'अर्' असा लिहील, हे मला पटत नाही.

मग अर्मिनियस हे नाव कुठले? काही अभ्यासक त्यात 'थोर, समग्र' अशा अर्थाचा 'इर्मिन' शब्द पाहतात, जो इर्मगार्ड या स्त्रीनामात आजही आहे. इतरांच्या मते रोमन नागरिकत्व आणि अश्वारोही या रोमन उच्च वर्गाचा दर्जा मिळालेल्या या तरुणाने ते रोमन सेवेत घेतले असावे. दोन्ही मतांनुसार ते हर्मन ठरत नाही.

दोन हजार वर्षांच्या स्मृतीचा मुद्दा तर आणखी कच्चा आहे. 'ॲनल्स'चे पहिले सहा खंड एकाच हस्तलिखितात टिकून राहिले. ते जर्मनीतल्या कोर्व्हाय मठातून रोमला पोहोचले आणि 1515 मध्ये छापले गेले. त्यानंतरच, धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या पिढीत, अर्मिनियसला हर्मन म्हणण्याची प्रथा पडली आणि लूथरनेही तीच उचलली. जर्मनीत डेटमोल्ड शहराजवळचा हर्मन नावाने उभारलेला अर्मिनियसचा 1875 चा भव्य पुतळा एकोणिसाव्या शतकाची श्रद्धा दाखवतो, पहिल्या शतकातले नाव नव्हे.

मला या चुकीचे वाईट वाटते ते हर्मन नावाचा स्वतःचा समृद्ध इतिहास तिच्याखाली झाकला जातो म्हणून. दहाव्या शतकातला सॅक्सनीचा हर्मन बिलुंग, ट्यूटॉनिक संघ या धर्मयोद्ध्यांच्या संघटनेचा प्रमुख हर्मन फॉन झाल्त्सा, आणि रायखेनाऊच्या मठातला, हातपाय लुळे असूनही खगोल आणि संगीतावर ग्रंथ लिहिणारा हर्मन (1013–1054), हे सारे त्याचे खरे वारसदार. फ्रेंचांचा आर्मांही याच नावातून निघाला. मराठी वाचकाला आणखी एक हर्मन जवळचा वाटेल: 1893 मध्ये लोकमान्य टिळकांप्रमाणेच, पण त्यांच्यापासून स्वतंत्रपणे, खगोलशास्त्राच्या आधारे वेदांचा काळ मागे नेणारे प्राच्यविद्यापंडित हर्मन याकोबी.