परदेशातून : पेंबेतातू आणि त्रिकोण

पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासन निर्णय महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये मागे घेतले, तरी वाद शमलेला नाही. देशाला एक भाषा हवी म्हणणाऱ्यांना टांझानियाचा दाखला सोयीचा वाटतो, आणि मातृभाषेतून शिक्षण हवं म्हणणाऱ्यांनाही. सव्वाशेच्या आसपास भाषा असलेल्या या देशाने १९६७ मध्ये प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आणलं आणि देश एकसंध राहिला, हे खरंच आहे. पण दार-एस-सलाममध्ये राहून ही व्यवस्था जवळून पाहिली की कळतं, दाखला अर्धाच दिला जातोय.

स्वाहिली रुजली याचं पहिलं कारण म्हणजे ती कुठल्याही मोठ्या जमातीची भाषा नव्हती. देशातली सर्वांत मोठी जमात सुकुमा, तिची भाषा वेगळी. राष्ट्रपिता ज्युलियस न्येरेरे झानाकी या लहानशा जमातीचे. स्वाहिली होती किनाऱ्यावरची, व्यापाराची. १९३० मध्ये इंग्रजांच्या काळात नेमलेल्या भाषा समितीने झांझिबार शहराची किउंगुजा बोली प्रमाण धरली. ती स्वीकारताना कुणालाच दुसऱ्यापुढे मान तुकवावी लागली नाही. हिंदी कोट्यवधी लोकांची घरची भाषा आहे. म्हणून स्वाहिलीचं नाव घेऊन हिंदीची वकिली करणं मला पटत नाही.

दुसरं कारण भाषेच्या पोटात आहे आणि तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्वाहिली बांटू कुळातली, आणि टांझानियातल्या बहुतेक जमातीही बांटूभाषक. माणसाला स्वाहिलीत म्हणतात 'म्तू', अनेकवचन 'वातू'. झुलूत 'उमुंतू' आणि 'अबांतू'. कुळाचं नाव त्यावरूनच पडलं. आपल्याकडे चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल असा शब्दाचा शेवट बदलतो. बांटू भाषांत आरंभ बदलतो. 'किताबू किमोजा किकुब्वा किमेआंगुका' म्हणजे एक मोठं पुस्तक पडलं. दोन पडली की 'विताबू विविली विकुब्वा विमेआंगुका'. नामाचा 'कि' बदलून 'वि' झाला की विशेषण, संख्या, क्रियापद सगळी त्याच्या मागे जातात. गंमत अशी की 'किताब' हा शब्द अरबी. पण त्यातला 'कि' स्वाहिलीने आपलाच उपसर्ग धरला आणि अनेकवचन 'विताबू' करून टाकलं. आपल्याकडची गाडी इथे 'गारी' झाली, अनेक गाड्या 'मागारी'. परका शब्द आपल्या व्याकरणात असा जिरवता आला की तो खुपत नाही. शब्दशुद्धीवर भांडताना आपण हे लक्षात घ्यायला हवं.

नामांचे असे वर्ग सुकुमा मुलाच्या घरच्या बोलीतही असतात. उपसर्ग थोडे वेगळे, पण घडण तीच. आकडेही नात्यातले: तीनला स्वाहिलीत 'तातू', सुकुमात 'दातू', किकुयूत 'इथातू', झिंबाब्वेच्या शोनात पुन्हा 'तातू'. आता स्वाहिलीत त्रिकोणाला काय म्हणतात पाहा. 'पेंबे' म्हणजे कोपरा, म्हणून 'पेंबेतातू'. चौकोन 'पेंबेन्ने', कारण चार म्हणजे 'न्ने'. पाठ करायला काही उरतच नाही. सुकुमा मुलालाही शब्द ऐकला की आकृती दिसते.

प्राथमिकच्या सात इयत्ता अशा जातात, शेवटची परीक्षाही स्वाहिलीत होते. मग फॉर्म वनला, म्हणजे आपल्या आठवीला, स्वाहिली हा विषय सोडला तर जवळजवळ सगळं एका झटक्यात इंग्रजीत. 'पेंबेतातू'चा ट्रँगल होतो, प्रकाशसंश्लेषणाला असलेला 'उसानिसिनुरू' हा घडीव शब्द (त्यातला 'नुरू' म्हणजे प्रकाश) वाया जातो. शिक्षक समजावतात स्वाहिलीत आणि फळ्यावर लिहितात इंग्रजीत. मुलं ते उतरवून घेतात आणि पाठ करतात. परीक्षेत तोच प्रश्न शब्द फिरवून आला की अडकतात, कारण त्यांनी वाक्य पाठ केलेलं असतं, कल्पना नाही. संपूर्ण शिक्षण स्वाहिलीत नेण्याचं धोरण २०१५ मध्ये जाहीर झालं, पण माध्यमिक शाळेत ते उतरलं नाही. ज्यांना परवडतं ते पालक पहिलीपासूनच खासगी इंग्रजी शाळा गाठतात.

आपलं सेमी इंग्रजी यापेक्षा सौम्य आहे. दोनच विषय इंग्रजीत, आणि इंग्रजी विषय २००० पासून पहिलीपासूनच आहे. तरी दुखणं तेच. लसावि, मसावि, कर्ण, परिमिती हे शब्द हाताशी आलेल्या मुलाच्या हातून ते काढून घेतले जातात. माझं म्हणणं साधं आहे. माध्यम बदलायच्या आधी दोन वर्षं दोन्ही संज्ञा पुस्तकात शेजारी शेजारी द्या. गणित आणि विज्ञान एकाच वर्षी बदलू नका. बदलल्यानंतरही पहिली दोन वर्षं उत्तर दोन्हींपैकी कुठल्याही भाषेत चालू द्या.

टांझानियाने मोजलेल्या किमतीबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं. सुकुमा, हाया, गोगो, न्याक्युसा, यातल्या कुठल्याच भाषेला सरकारी शाळेत जागा नाही. न्येरेरेंच्या झानाकीलाही नाही. बांटूभाषक मुलं निदान नात्यातल्या भाषेत शिकतात. उत्तरेतली इराक्व ही भाषा कुशिटिक कुळातली, मासाई निलोटिक, आणि एयासी सरोवराकाठच्या हाड्झाचं तर कुणाशीच नातं ठरवता आलेलं नाही. त्या मुलांना स्वाहिली शाळेत जाऊनच पहिल्यापासून शिकावी लागते.

मेळघाटातली कोरकू मुलं आणि गडचिरोलीतली गोंड मुलं नेमकी तिथे उभी आहेत. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्रविड, आणि मराठीचं दोन्हींशी कुळाचं नातं नाही. मराठी ही त्यांचीही मातृभाषा आहे असं धरून आपण 'मातृभाषेतून शिक्षण' म्हणतो तेव्हा त्या मुलांच्या बाबतीत आपण तेच करतो, जे हिंदीने आपल्याशी करू नये असं आपलं म्हणणं आहे. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली, ती याच उणिवेपोटी. अभिजात दर्जा मिळालेल्या मराठीच्या पाठ्यपुस्तक मंडळाने पहिलीच्या गणितात गोंडी आकडे छापले तर मराठीचं काहीच कमी होणार नाही: उंडी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग. ज्या मुलाला तीन म्हणजे 'मुंद' ठाऊक आहे, त्याला 'त्रिकोण' या शब्दात तीन सापडत नाही. तिथे बाईंनी आधी कोपरे मोजून घ्यायचे, उंडी, रंड, मुंद असे, आणि मग फळ्यावर त्रिकोण लिहायचा.