उलट क्रमाने जोडावे

प्रीमियर पद्मिनी पाळणाऱ्याने आयुष्यात भ्यावं असं एकच वाक्य आहे आणि ते गाडीच्या दुरुस्तीच्या मॅन्युअलमध्ये पानोपानी भेटतं: ‘जोडणी उलट क्रमाने करावी.’ लिहिणारा एवढं लिहून चहाला गेला असावा. आपण बोनेटखाली, हातात एक वॉशर, आणि तो कुठून निघाला ते देव जाणे.

म्हणून माझं स्पष्ट मत, पहिले पैसे पार्ट्स कॅटलॉगवर टाकावेत. गाडीसोबतची पुस्तिका टायरची हवा आणि ऑइल सांगते, वर्कशॉप मॅन्युअल खोलायला शिकवतं. पण वॉशर स्प्रिंगच्या आधी की नंतर, आणि किती, हे कॅटलॉगच्या सुट्या भागांच्या चित्रातच दिसतं.

पद्मिनी जिच्यावरून आली त्या ‘फियाट ११०० डी’चं इटालियन मॅन्युअल इंटरनेटवर फुकट मिळतं. फुकट म्हटल्यावर आपण थोडेच सोडतो! पण ती इटलीची गाडी १२२१ सीसीची, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७२ मिलिमीटर. आपली कुर्ल्याची पद्मिनी १०८९ सीसी, बोअर ६८. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोघींचा ७५च, चेहराही सख्ख्या बहिणींचा. त्या पुस्तकावरून पिस्टन रिंगा मागवल्या, तर घरात कुणाच्या हातात बसतात का ते बघावं.

जुन्या पुस्तकात टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा ते, किलोग्राम-मीटरमध्ये, हल्लीचा टॉर्कचा पाना न्यूटन-मीटरचा. पुस्तकातले ५ म्हणजे पान्यावरचे ४९. पान्यावरही ५च लावले तर बोल्ट सैल राहतात आणि इंजिनच्या हेडखालचं गॅसकेट पहिल्याच घाटात गळायला लागतं. शिवाय हातात येते ती झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्यात दशांश चिन्ह कोणतं आणि ऑइलचा डाग कोणता, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आता मिस्त्री. हे चालतंबोलतं पुस्तक. फक्त अनुक्रमणिका नाही. फट मोजायच्या पट्टीऐवजी, म्हणजे फिलर गेजऐवजी, त्याच्याकडे हॅक्सॉचं पातं असतं, जाडी साधारण ०.६३ मिलिमीटर. प्लगच्या गॅपला ते खपून जातं. डेल्को म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर. त्यातल्या पॉइंटला, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांना, मात्र ०.४२ ते ०.४८ हवेत, तेही कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणून मोजलेले. गॅप जास्त झाली की पॉइंट लवकर उघडतात, ठिणगीचं टायमिंग पुढे सरकतं, कॉइलला भरायला वेळ पुरत नाही आणि चढावर इंजिन फुटाणे भाजल्यासारखं वाजतं. कमी ठेवली तर टायमिंग मागे पडतं, पॉइंटही जळतात. म्हणून आधी पॉइंट, मगच टायमिंग. उलट केलंत तर दोन्ही पुन्हा. मिस्त्री इंजिन ऐकत ऐकत डेल्को फिरवतो तेव्हा गप्प राहावं, तो कान छापील मिळत नाही. आकडा मात्र त्याला विचारू नये. ‘थोडासा’ हे त्याचं एकमेव माप.

व्हिडिओंचं विशेष सांगत नाही. ऐन वेळी ग्रीसच्या बोटाने थांबवता येत नाहीत.

एवढं करून गाडी जोडली की कॅटलॉग उघडावा. चित्रात वॉशर तीन, गाडीत दोन, तिसरा फेंडरवर. मिस्त्री तो उचलून खिशात टाकतो. ‘साहेब, कंपनीने एक जास्तीचाच दिलेला असतो.’